नदीचे मूळ, ऋषीचे कूळ

नातवाच्या शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा होता, एवढ्याच निमित्ताने ही गोष्ट सुरू झाली. आमच्या भंडारा जिल्ह्यातील एक निवृत्त विज्ञानशिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. रक्तदाब तपासायला आले असता त्यांनी खिशातून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. सुनेचा रक्तगट एबी, सात वर्षांच्या नातवाचा ओ. ‘डॉक्टरसाहेब, तीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले. एबी गटाच्या आईला ओ गटाचे मूल कसे होईल?’ त्यांचा आवाज स्थिर होता, पण रक्तदाब त्या दिवशी १७० च्या वर गेला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मास्तरांचे शास्त्र बरोबर होते. अत्यंत दुर्मीळ अपवाद सोडले तर असे घडत नाही. परंतु शास्त्र बरोबर असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर असतोच असे नाही. मुलांची अदलाबदल झाली असेल, घरात काही लपवले गेले असेल, अशा नाना शंका त्यांच्या मनात दाटल्या होत्या. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दोन्ही रक्तगट पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नोंदीतही चुका होतात. दुसरी, शंका खरी ठरली तर चारचौघांत नव्हे, मुलगा आणि सून दोघांना एकत्र बसवून, आरोप न करता विचारावे. मला एक शक्यता दिसत होती. परंतु ती बोलून दाखवण्याचा अधिकार माझा नव्हता.

पंधरा दिवसांनी तिघेही आले. सुनेच्या अंडाशयातील बीजे अकालीच संपली होती. लग्नानंतर नऊ वर्षे वाट पाहून त्यांनी नागपूरच्या एका केंद्रात दुसऱ्या स्त्रीचे बीज स्वीकारले होते. मुलाच्या शुक्रजंतूशी त्याचे फलन झाले आणि गर्भ सुनेच्या उदरात वाढला. दाती कोण, हे त्यांना सांगितले गेले नव्हते. सासरच्यांना सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, ‘उद्या हा मोठा झाला आणि त्या बाईचे नाव विचारू लागला, तर कायदा काय सांगतो?’ आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

आपल्या देशातील कायदा

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्यानंतर हे उपचार देशभर पसरले, पण त्यांसाठी संसदेचा कायदा येण्यास पस्तीस वर्षे लागली. ‘सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) कायदा, २०२१’ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार बीजदाती २३ ते ३५ वर्षे वयाची असावी लागते. तिने आयुष्यात एकदाच बीजदान करायचे असते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. बीज घेणाऱ्या दांपत्याने तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. जन्मलेले मूल कायद्याच्या दृष्टीने त्या दांपत्याचेच जैविक अपत्य मानले जाते. दातीचा त्याच्यावर कोणताही पालकहक्क राहत नाही.

आता नावाचा प्रश्न. दातीचे नाव, पत्ता, आधार क्रमांक हे सारे बीजपेढीत नोंदवले जाते, परंतु ते गोपनीय असते. निदान दहा वर्षे ही कागदपत्रे जपून नंतर राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवायची असतात. वैद्यकीय आणीबाणी किंवा न्यायालयाचा आदेश, एवढेच काय ते अपवाद. मूल सज्ञान झाल्यावर त्याला दातीची ओळख मागण्याचा हक्क या कायद्याने दिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत अठराव्या वर्षानंतर नाव-पत्ता वगळून इतर माहिती मागता येईल, असे म्हटले होते. म्हणजे आरोग्याविषयी विचारता येईल, व्यक्तीविषयी नाही.

येथे एक तुलना करावीशी वाटते. दत्तक गेलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करण्याची सोय आपल्या दत्तकविधान नियमांत आहे. जन्मदात्यांची गोपनीयता सांभाळून संस्था त्यास साहाय्य करतात. दत्तक मुलाला जे दार किलकिले ठेवले आहे, ते बीजदानातून जन्मलेल्या मुलाला बंद आहे.

दाती ओळखीची असली तर?

पूर्वी काही घरांत बहीण, भावजय अशी नात्यातील स्त्रीच बीज देई. तेथे निनावीपणाचा प्रश्न नसतो, पण दुसरे प्रश्न उभे राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते आणि सरोगेट मातेच्या साहाय्याने २०१९ साली जुळ्या मुली झाल्या. पुढे दांपत्यात बेबनाव झाला. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि बीज मेहुणीचे असल्याने पत्नीचा मुलींवर हक्क नाही, असा दावा त्याने केला. न्यायालयाने तो फेटाळला. बीज देणारी स्त्री फार तर जनुकीय माता ठरेल. केवळ त्या आधारे तिला मुलींची माता म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे स्पष्ट करून न्यायालयाने पत्नीला दर आठवडाअखेरीस मुलींना भेटण्याची मुभा दिली. आपल्या सुनेच्या किंवा लेकीच्या मातृत्वाविषयी मनात किंतु असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

इतर देशांत

जगात मात्र या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. स्वीडनने १९८५ साली शुक्रजंतूदात्यांचा निनावीपणा रद्द केला. असे करणारा तो पहिला देश. तेथे स्त्रीबीजदानाला २००३ मध्ये परवानगी मिळाली, तीही त्याच तत्त्वावर. नेदरलँड्सने २००४ मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर दान करणाऱ्या व्यक्तीची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते आणि सोळाव्या वर्षी ओळख उघड न करणारी माहिती मिळू शकते. त्या नियमाखाली जन्मलेली पहिली मुले २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली.

फ्रान्सने दीर्घकाळ निनावीपणा जपला, पण २०२१ च्या कायद्याने दिशा बदलली. १ सप्टेंबर २०२२ पासून तेथे दान करणाऱ्याने आपली ओळख पुढे मुलाला देण्यास संमती द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने तर २०१७ मध्ये पूर्वलक्षी पाऊल टाकले. ज्यांना निनावीपणाचे वचन दिले होते, अशा जुन्या दात्यांची ओळखही मुलांना मागता येऊ लागली. दिलेले वचन मोडावे काय, यावर तेथे मोठा वाद झाला आणि तो रास्तच होता.

याउलट स्पेनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार दान निनावीच असते. युरोपातील अनेक स्त्रिया उपचारासाठी तेथे जातात. जर्मनीत १९९० च्या भ्रूणसंरक्षण कायद्यामुळे दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरून गर्भधारणा करण्याचा उपचारच निषिद्ध आहे. शुक्रजंतूदानाला मात्र तेथे मुभा आहे आणि २०१८ पासून दात्यांची राष्ट्रीय नोंदवहीही आहे. अमेरिकेत देशव्यापी कायदा नाही. कोलोराडो राज्याने मात्र २०२५ पासूनच्या दानासाठी निनावीपणा संपवला आहे.

आता असे समजा की एकाच कुटुंबातील तीन भावंडे नागपूर, लंडन आणि माद्रिद येथे राहतात आणि तिघांनाही अशाच उपचाराने मूल झाले. लंडनच्या मुलाला अठराव्या वर्षी नाव विचारता येईल. नागपूर आणि माद्रिदच्या मुलांना नाही. आजी-आजोबा तेच, कूळ तेच. हक्क मात्र उपचार कोठे घेतला यावर ठरणार.

दोन्ही बाजू

निनावीपणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, दातीला आपला संसार असतो. वीस वर्षांनी दारावर थाप पडण्याची भीती असेल तर दान कोण करील? आपल्याकडे बहुधा गरजू घरातील स्त्री हे करते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये अशी तिची इच्छा असते. तिची लाज राखणे हाही न्यायच आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, करार दोन प्रौढांनी केला. मुलाला कोणी विचारले? १९८९ च्या बालहक्क संहितेत मुलाला शक्यतो आपले आईवडील जाणून घेण्याचा हक्क सांगितला आहे आणि १९९२ मध्ये भारतानेही ती मान्य केली. शिवाय घरबसल्या लाळेवरून डीएनए तपासणारे संच आता मिळतात. परदेशातील एखाद्या चुलतभावाने कुतूहलाने तपासणी केली, तरी गाठोडे सुटू शकते.

आपल्याकडे म्हण आहे, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये. ती शहाणपणाचीच आहे. माणसाची किंमत जन्मावरून करू नये, हा तिचा अर्थ. परंतु वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आपण २०२० च्या ऑगस्टअखेरीस काय अनुभवले ते आठवा. वर शिवनी जिल्ह्यातील धरणातून पाणी सुटले आणि भंडारा शहर बुडाले. नदीवर प्रेम करायला तिचे मूळ ठाऊक असण्याची गरज नसते. पण वरून काय वाहत येत आहे, हे खालच्या माणसाला वेळेवर कळलेले बरे.

वैद्य म्हणून माझी चिंता तेवढीच आहे. मास्तरांचा मुलगा सिकलसेलचा वाहक आहे. आपल्या पूर्व विदर्भात हे नवल नाही. सुनेचा तपासणी अहवाल निर्दोष होता, म्हणून नातवाला आजार संभवतच नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु सुनेचा अहवाल येथे लागूच होत नव्हता. प्रश्न दातीच्या बीजाचा होता. आम्ही मुलाचीच तपासणी केली. तो वडिलांप्रमाणे केवळ वाहक निघाला. उपचाराची गरज नाही. लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करावी, एवढेच. पण ती सात वर्षे नशिबावर गेली होती.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी

१. रक्तगट जुळत नाही म्हणून कोणावरही संशय घेऊ नये. आधी फेरतपासणी, मग एकांतात संवाद.

२. मूल बीजदानातून झाले असेल तर पालकांनी ते मुलाच्या डॉक्टरांना विश्वासात घेऊन सांगावे. आईच्या माहेरचा मधुमेह वा हृदयविकार त्या मुलाच्या कौटुंबिक इतिहासात लिहिणे चूक ठरेल. आईच्या गरोदरपणातील आजार मात्र जरूर सांगावेत, कारण तो नऊ महिने तिच्याच रक्तावर वाढला आहे.

३. कायद्यात दातीच्या ज्या तपासण्या नावानिशी सांगितल्या आहेत, त्या एचआयव्ही, कावीळ ब व क आणि सिफिलिस या संसर्गांच्या आहेत. उपचार घेणाऱ्यांनी सिकलसेल व थॅलेसेमियाचा अहवाल, नाव झाकून का होईना, केंद्राकडून लेखी मागावा आणि जपून ठेवावा.

४. मुलाला सांगावे की नाही, केव्हा सांगावे, हा निर्णय आईवडिलांचा. आजी-आजोबांनी तो परस्पर घेऊ नये; भांडणाच्या भरात तर कधीच नाही. विचारलेच तर माझे मत असे, की लहानपणी गोष्टीसारखे सांगितलेले मूल सहज पचवते. कर्णाला आपला जन्म युद्धाच्या तोंडावर कळला. दुःख जन्माचे नव्हते, उशिराचे होते.

मास्तरांना मी सांगितले, आजच्या कायद्यानुसार नातवाला ते नाव मिळणार नाही. उद्या कायदा बदलेल की नाही, हे मी कसे सांगू? त्यांनी सुनेकडे पाहिले आणि म्हणाले, ‘हिने त्याला पोटात वाढवले. मला एवढे मूळ पुरे. त्याला पुरेल की नाही, ते त्याचे तो ठरवील. त्याने विचारले तर आपण खोटे बोलायचे नाही, एवढे आपल्या हातात आहे.’

त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १३८ होता.