भीती एकीला, धोका दुसरीला

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात भोकरला महिला मंडळाची बैठक आटोपून मी निघत होते. बाकीच्या बायका गेल्या, तरी एकजण सतरंजीची घडी घालत मागेच राहिली. नवऱ्याने टाकल्यापासून ती माहेरी असते, शिलाईवर पोट भरते. खाली मान घालून म्हणाली, "ताई, मला एड्स झाला असंल. कुणाला सांगू नका."

हळूहळू तिने सगळं सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका पुरुषाशी तिचा एकदाच संबंध आला, तिच्या मर्जीने. निरोध वापरला होता, तो फाटलाही नव्हता. पण तेव्हापासून तिला झोप नाही. तोंड आलं की वाटतं, झालं. अंगात कणकण आली की वाटतं, झालं. बहिणीच्या लेकराला ती आपल्या ताटातला घास देत नाही, पेला आणि टॉवेल वेगळा ठेवते. भोकरमध्ये ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आगगाडीने नांदेडला जाऊन दोन ठिकाणी खोट्या नावाने रक्त तपासून आली. दुसरी तपासणी चार महिन्यांनंतरची. दोन्ही वेळा निगेटिव्ह. तरी विश्वास बसत नाही. एका ठिकाणी तर तिला विचारलं, "नवरा जवळ नाही, मग ही तपासणी कशाला?"

तिला मी जे सांगितलं ते आपणा सर्वांना नेमकं माहीत हवं. निरोध नीट वापरला आणि तो फाटला नाही, तर धोका अगदी कमी. लागण असलेल्या, औषध न घेणाऱ्या पुरुषाशी निरोधाशिवाय आलेल्या १०,००० संबंधांमागे स्त्रीला लागण होण्याचा अंदाज सुमारे ८ आहे. ताजी लागण किंवा गुप्तरोगाची जखम असेल तर तो वाढतो. मिठी मारण्याने, चुंबनाने, एका ताटात जेवण्याने, एका पेल्याने लागण होत नाही. तोंड येण्यावरून, थकव्यावरून एचआयव्ही ओळखता येत नाही. महिनोन्महिने न झोपलेल्या कुठल्याही बाईला हे त्रास होतील. आणि संबंधानंतर तीन महिने उलटल्यावरची तपासणी निगेटिव्ह आली, मध्ये नवा धोका घडला नसेल, तर विषय संपला. पुन्हा पुन्हा रक्त देण्याची गरज नाही.

हे ऐकून ती रडली. मग म्हणाली, "पर मी चूक केली ना ताई."

खरी गोष्ट इथे आहे. ती रोगाला घाबरत नव्हती, शिक्षेची वाट बघत होती. ही भीती तिच्या मनात कुणी घातली? १९८६ साली मद्रासमध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्तात हा विषाणू आपल्या देशात पहिल्यांदा आढळला, आणि तेव्हापासून तो "तसल्या बायकांचा" रोग ठरला. पुढच्या प्रचारातही माहिती कमी आणि कवटी, मृत्यू, चारित्र्य जास्त. त्याचं फळ काय, ते आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्याने पाहिलं आहे. २००९ साली हासेगावात एचआयव्हीबाधित अनाथ मुलांनी गावच्या शाळेत बसू नये म्हणून पालकांनी विरोध केला. शेजारी बसल्याने लागण होत नाही, हे सांगूनही भीती हटत नव्हती. भाच्याचा पेला वेगळा ठेवणारी आपली मैत्रीण त्याच भीतीची शिकार आहे.

आता त्याच बैठकीतली दुसरी बाई. तिचा नवरा वर्षाचे आठ महिने हैदराबादकडे कामाला असतो. घरी येतो तेव्हा निरोधाचा विषय काढायची सोय नाही. अलीकडे त्याचा ताप हटत नाही, वजन उतरलं आहे. "तुझी तपासणी?" मी विचारलं. ती हसली. "माझी कशाला? मी घरची बाई."

एका संबंधाचं गणित छोटं असतं, संसारात ते वर्षानुवर्षं साठत जातं. नवऱ्याला काय झालं आहे ते मला माहीत नाही, तिलाही नाही. पण तपासणीची गरज हिला आहे, आणि घाबरायचा हक्कसुद्धा हिला नाही. कुंकू म्हणजे संरक्षण असं आपण तिला शिकवलं. एकीला भीतीने खाल्लं, दुसरीला भरवशाने झोपवलं. दोघींपासून एकच गोष्ट लपवली गेली, ती म्हणजे साधी, खरी माहिती.

सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ पासून काम सुरू केलं, तेव्हा वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच निरोधवाटप हातात घेतलं. ज्यांना समाजाने रोगाचं मूळ ठरवलं, त्याच बचावाचं शिक्षण देऊ लागल्या. मग आपल्या गटांना संकोच कशाचा?

म्हणून काही गोष्टी प्रत्येक बैठकीत उघडपणे बोलूया. सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात तपासणी मोफत होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. "लग्न झालंय का?" या प्रश्नाचं उत्तर चांगल्या चारित्र्याचा दाखला म्हणून देण्याची कुणालाही गरज नाही. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. निरोध फाटला किंवा बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, दवाखाना गाठावा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला मोफत उपचार देणं सरकारी आणि खाजगी, प्रत्येक रुग्णालयावर कायद्याने बंधनकारक आहे. आणि लागण निघालीच, तरी ती मरणाची चिठ्ठी नाही. रोज औषध घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही.

पहिल्या मैत्रिणीने परवा निरोप पाठवला, भाच्याला एका ताटात घेऊन जेवली म्हणून. दुसरीला घेऊन आम्ही पुढच्या आठवड्यात भोकरच्या ग्रामीण रुग्णालयात जाणार आहोत. ती एकटी जाणार नाही, आम्ही पाचजणी जाणार आहोत आणि पाचहीजणी तपासणी करून घेणार आहोत, म्हणजे रांगेत कुणाकडे बोट दाखवायचं हे कुणाला कळणार नाही. तुमच्या गावात असं काही करता आलं, तर जरूर लिहून कळवा.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने