गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मार नको, अंतर द्या

आमच्या बेळगाव-खानापूर भागात पूर्वी कुत्रे पाळत ते राखणीसाठी. आता त्याला सकाळ-संध्याकाळ दोरी लावून फिरायला नेण्याची चाल पडली आहे. चाल चांगलीच आहे. परंतु पुष्कळांची एक तक्रार असते. घरात गाईसारखे गरीब असलेले कुत्रे रस्त्यावर दुसरे कुत्रे दिसताच अंगात आल्यासारखे करते. भुंकते, दोरी ताणते, मागच्या पायांवर उभे राहते आणि कोणाचे ऐकेनासे होते. मग लोक बहुधा तिहींपैकी एक उपाय करतात. काठीने मारतात, किंवा फिरायला नेणेच बंद करून दिवसभर साखळीला बांधतात, नाही तर "होऊन जाऊ दे एकदाचे" म्हणून मोकळे सोडतात. आमच्या मते हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. तिन्हींचा शेवट कोणाला तरी चावा बसण्यात होऊ शकतो.

प्रथम कुत्रे असे का करते ते पाहू. आपल्याला वाटते, ते शूर आहे किंवा माजले आहे. बहुतेक वेळा ते भ्यालेले असते. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर ते वळसा घालून निघून जाते. दोरीला बांधलेल्याला ती वाट बंद असते. म्हणून "तू जवळ येऊ नकोस" हे ते ओरडून सांगते. समोरचे कुत्रे निघून गेले की त्याला वाटते, आपल्या ओरडण्यानेच गेले. आणि सवय पक्की होते. काही कुत्री मात्र भीतीने नव्हे, तर दुसऱ्याजवळ जाऊ न दिल्याने चिडतात. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याने जे पाहिले-हुंगले, त्याची त्याला पुढे भीती कमी वाटते. तो काळ अंगणात एकट्याने गेला असेल, तर मोठेपणी प्रत्येक परके कुत्रे त्याला वैरी वाटू शकते.

आणखी एक कारण आपण विसरतो, ते म्हणजे दुखणे. कान पिकलेला, गोचिडांनी अंग पोखरलेले, म्हातारपणी सांधे धरलेले, नजर मंद झालेली, अशा कुत्र्याला दुसऱ्याची धडक नकोशी असते. पूर्वी शांत असलेले कुत्रे एकाएकी तापट झाले, तर शिकवणीच्या आधी त्याला जनावरांच्या दवाखान्यात दाखवावे.

आता माराविषयी. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, खाण्याच्या आधी नेहमी एखादा आवाज ऐकविला, तर पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकापाठोपाठ आल्या की कुत्रे त्यांची सांगड घालते. हाच नियम रस्त्यावर लावून पाहा. दुसरे कुत्रे दिसले की आपल्या पाठीत काठी बसते किंवा गळ्याला फास लागतो, हे त्याला कळले, तर पुढच्या वेळी ते दुसऱ्या कुत्र्याला अधिकच भिईल. गुरगुरल्याबद्दल मारणे तर फारच धोक्याचे. गुरगुरणे ही त्याने दिलेली नोटीस आहे. ती देणे मारून बंद केले, तर भीती जात नाही. फक्त ते नोटीस न देता चावायला शिकते.

मग करावे काय? याच सांगडीचा उपयोग उलट बाजूने करावा. दुसरे कुत्रे किती लांब असता आपले कुत्रे त्याच्याकडे पाहूनही खाऊ शकते, ते अंतर आधी शोधावे. कोणाला तीस पावले लागतील, कोणाला मैदानाचे दुसरे टोक. त्या अंतरावर उभे राहावे. दुसरे कुत्रे दिसले की लगेच उकडलेल्या, हाड काढलेल्या कोंबडीचा किंवा अंड्याचा बारीकसा तुकडा द्यावा. ते दिसते आहे तोवर देत राहावे. ते दिसेनासे झाले की बंद करावे. क्रम चुकवू नये. आधी कुत्रे दिसावे, मग खाऊ यावा. असे पुष्कळ दिवस केल्यावर दुसरे कुत्रे दिसताच आपले कुत्रे आपल्या तोंडाकडे पाहू लागते. तेव्हाच दोन-तीन पावले पुढे जावे. आपले कुत्रे ताठ होऊन टक लावू लागले, तोंड मिटून थबकले, पाठीवरचे केस उभे राहिले किंवा खाऊ घेईनासे झाले, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. हे महिन्यांचे काम आहे. एखादे दिवशी मोठा गोंधळ झालाच, तर त्याची धास्ती उतरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी त्याला घरीच विश्रांती द्यावी.

मागे फिरणे ही सुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. घरच्या अंगणात "चल" म्हणून वळावे, ते बरोबर वळले की तुकडा द्यावा. अंगणात हे शंभरदा झाले, तरच रस्त्यावर एकदा उपयोगी पडेल. समोरून कुत्रे आले तर रस्ता ओलांडावा, उभ्या टेम्पोच्या आडोशाला व्हावे, नाही तर परत फिरावे. यात कमीपणा नाही.

साधनांविषयी थोडेसे. गळफास लागणारी साखळी वापरू नये; छातीवरून जाणारा पट्टा आणि पाच-सहा फुटांची मजबूत कापडी दोरी बरी. दोरी मनगटाला गुंडाळू नये. झटक्यात माणूस तोंडघशी पडतो. असे कुत्रे लहान मुलाच्या किंवा वयस्कर आजीच्या हाती देऊन त्यांना रस्त्यावर पाठवू नये. चावण्याचा धोका असेल तर मुसके घालावे. मळणीच्या बैलाला आपण मुसके घालतो, ती काही शिक्षा नव्हे. मात्र कुत्र्याचे मुसके जाळीचे आणि ऐसपैस हवे. कुत्रे धापा टाकूनच अंग थंड ठेवते. तोंड आवळून बांधले तर उन्हात त्याच्या जिवावर बेतेल. आधी घरी मुसक्यात खाऊ ठेवून त्याला तोंड आपणहून घालू द्यावे.

कोणी म्हणेल, "आमच्या गल्लीत मोकाट कुत्र्यांची टोळी आहे, तिथे हे अंतर आणायचे कुठून?" अडचण खरी आहे. टोळी बहुधा उकिरडा, मटणाचे दुकान आणि जिथे उष्टे टाकतात ते घर धरून असते. ती वाट टाळून शेताची किंवा मैदानाची वाट धरावी, वर्दळीची वेळ चुकवावी. टोळी अंगावर आलीच, तर खिशातली मूठभर बिस्किटे तिच्याकडे भिरकावून शांतपणे निघावे, धावू नये. जिथे वाटच नाही, तिथे काही दिवस घरीच व्यायाम द्यावा. अंगणात खाणे विखरून हुंगत शोधायला लावले, तरी कुत्रे चांगले दमते. पण कायमचे बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मोकळे सोडणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. "आमचे कुत्रे काही करत नाही," असे म्हणून ते दुसऱ्याच्या बांधलेल्या, भ्यालेल्या कुत्र्यावर धावू देणे हा शेजारधर्म नव्हे. त्याची महिन्यांची मेहनत त्या एका मिनिटात वाया जाते. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुत्री जुंपलीच तर मध्ये हात घालू नये. पाणी मारावे, मोठा आवाज करावा, दोघांमध्ये फळी सारावी. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. जे तिथे झाले ते इथेही होऊ शकते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस यांसाठी नगरपालिका-पंचायतीकडे आपण सर्वांनी मिळून मागणी केली पाहिजे.

"माणसांना वेळ मिळत नाही, तिथे कुत्र्याचे हे लाड कशाला?" असेही कोणी विचारील. हे लाड नव्हेत. त्याच रस्त्याने शेजाऱ्याची मुले शाळेत जातात. ज्याने कुत्रे घरी आणले, त्यानेच ते रस्त्यावर कसे वागेल याची जबाबदारी घेतली पाहिजे. आमची वाचकांना विनंती एवढीच आहे: लसीचे कार्ड काढून तारीख पाहा, काठी घरी ठेवा, खिशात खाऊ घ्या, आणि समोरून कोणी कुत्रे आवरीत येताना दिसला तर आपले कुत्रे घेऊन थोडे बाजूला व्हा.