हिरवा दिवा आणि कान

ग्वाल्हेर-इंदूरकडील आमच्या मराठी घरांतून एक दृश्य अलीकडे वारंवार दिसते. आजोबांचा मिरजेचा तंबोरा गवसणीत घालून कपाटावर चढवलेला असतो आणि गायला बसलेल्या नातवंडापुढे मोबाइलमधला तंबोरा अखंड वाजत असतो. कधी खरा तंबोरा खाली उतरलाच, तर सूर दाखवणाऱ्या यंत्रावर हिरवा दिवा लागला की तो 'लागला' असे समजले जाते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. पण म्हणून पेटी घरांतून गेली नाही. बंदीने कान तयार होत नाहीत, हाच त्याचा धडा. गोंगाटाच्या सभागृहात षड्ज नेमका धरण्यासाठी यंत्र जरूर घ्यावे.

परंतु यंत्राला काय कळते, हेही पाहावे. सप्तकाचे 1200 सेंट धरले, तर समविभागी मापात गंधार 400 वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार मात्र सुमारे 386 वर असतो. हा चौदा सेंटांचा फरक यंत्राला चूक वाटतो, कानाला विसावा वाटतो. जोडाच्या दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा जरी फरक राहिला, तरी आवाज सेकंदाला एकदा डोलतो. तो डोल मणी सरकवत कानानेच संपवावा लागतो. जवारीचा दोरा कुठे थांबवावा, हे तर कोणताच दिवा सांगत नाही. पियानो जुळवणारे जाणकारही यंत्र वापरतात. पण तारांच्या ताठरपणामुळे सप्तके किंचित ताणून घ्यावी लागतात आणि अखेरचा कौल ते कानाकडूनच घेतात.

सरकारी सेवेत आम्ही कागदावरचा अहवाल पाहत असू, पण स्थळपाहणीवाचून सही करीत नसू. यंत्र हा अहवाल आहे. कान ही स्थळपाहणी.

म्हणून आमच्या संगीतवर्गांना आमचे सांगणे एवढेच: परीक्षेत रागाआधी विद्यार्थ्याच्या हाती उतरवलेला तंबोरा द्यावा. त्याने तो आधी कानाने लावावा, मग हवे तर यंत्राने ताडून पाहावा. हा क्रम उलटला, तर घराण्यांची नावे आपण अभिमानाने घेत राहू आणि ज्या कानावर ती घराणी उभी राहिली, तो कान मात्र आपल्याच घरातून नाहीसा झालेला असेल.