गठ्ठा अडला कुठे?

सोलापुरात टॉवेलचा माल उशिरा निघाला की बोट प्रथम वळते मागावरच्या माणसाकडे. कारखानदार म्हणतो, विणकर ढिला. विणकर म्हणतो, बीमच उशिरा आले. न्याय कोणी करायचा?

वाचकहो, त्यासाठी आता एक शास्त्रच उभे राहिले आहे! नाव ‘प्रोसेस मायनिंग’. म्हणजे खाणकामच, पण नोंदींच्या खाणीतले. डच प्राध्यापक विल व्हान डर आल्स्ट हे त्याचे अध्वर्यू. 2019 साली जर्मनीत आखेन येथे या विद्येची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. नाव भारदस्त, गोष्ट साधी. ऑर्डर कोणती, काम कोणते, वेळ काय, एवढ्या तीन नोंदी हव्यात. रंग, बीम, माग, शिवण यांच्या वेळा ओळीने लावल्या की माल कामाखाली किती वेळ होता आणि नुसता पडून किती, हे गणकयंत्र दाखवते. समजा, विणाईला दोन दिवस आणि बिमाची वाट पाहण्यात पाच दिवस गेले, असे निघाले. मग विणकराला बोल का?

मला धास्ती निराळीच वाटते. यंत्राला लिहिलेले तेवढेच दिसते. घरी कांड्या भरणाऱ्या बाईचे तास कोणत्या वहीत असतात?

सोलापूरला आकड्यांचे वावडे नाही. धनंजयराव गाडगिळांचा या शहरावरचा सामाजिक-आर्थिक अभ्यास 1965 सालीच ग्रंथरूपाने आला. 2004 पासून गावाला स्वतःचे विद्यापीठही आहे. तिथे अशी परिषद जरूर भरवावी. मात्र पहिल्या रांगेत विणकराला आणि त्या बाईला बसवावे. काय नोंदायचे, हे त्यांनाही विचारायला हवे.