वंटमुरीत एकच जण का धावला?

बेळगाव : मुलगा गावातल्याच मुलीला घेऊन पळून गेला, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये न्यू वंटमुरीत त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधण्यात आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जमलेल्या ५०-६० जणांत अडवायला गेला तो एकच आणि त्यालाही मार खावा लागला, हे न्यायालयाला विशेष खटकले. गावालाच दंड लावण्याची गोष्टही सुनावणीत निघाली.

‘माणुसकी मेली’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण १९६८ मध्ये अमेरिकेत डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. फिट आलेल्या विद्यार्थ्याचा आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतोय असे ज्यांना वाटले, त्यांतले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असे वाटले, तेव्हा ३१ टक्केच. माणसे तशीच, पण जबाबदारी वाटली गेली की कुणाच्याच अंगाला लागत नाही.

तरी सगळा दोष गर्दीवर टाकता येत नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण अभ्यासकांनी तपासले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दहापैकी नऊ वेळा कुणीतरी मध्ये पडलेच होते. मग वंटमुरीत? शहरातल्या रस्त्यावर मारणारा बहुधा अनोळखी असतो. गावात तो शेजारी, भावकीतला. आज हात धरला तर उद्या त्याच्याच दारावरून जायचे आहे! ही भीती खोटी म्हणता येणार नाही; त्या एकाने मार खाल्लाच ना?

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने संरक्षण आहे. पण ते रस्त्यापुरते. गावातला मार थांबवणाऱ्याच्या मागे दुसऱ्या दिवशी कोण उभे राहणार?

सामूहिक दंडाचा राग समजण्यासारखा आहे, पण त्याचे गणित तेच जुने. दंड सगळ्यांवर, म्हणजे पुन्हा कुणाच एकावर नाही. वर धावून गेलेल्याच्या घरालाही तो भरावा लागेल. त्यापेक्षा वॉर्डाचा ग्रामपंचायत सदस्य आणि बीटचा पोलीस यांना नावानिशी विचारता येते : ११२ ला फोन कुणी लावला, आणि कधी?