एकीचं नाव दुसरीला

माझा भाचा आणि त्याचा मित्र दर रविवारी आमच्या हिंगण्याच्या घरी येऊन भांडतात. दोघेही वेबसाइटी बनवतात. भांडायला त्यांना दुसरी जागा नाही असं नाही, पण आमच्याकडे तर्री-पोहे मिळतात. पूर्वी पोरं क्रिकेटवरून भांडत, फार तर निवडणुकीवरून. हे दोघे परवा सावलीच्या नावावरून भांडत होते.

ते प्रकरण समजून घ्यायला मला दोन प्लेट पोहे लागले. हल्ली म्हणे वेबसाइटचं सगळं रूप कोणी मुळापासून लिहीत बसत नाही. तयार संच घ्यायचा, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आणि त्यातली ठरलेली नावं जागोजागी लावायची. टेलविंड हा त्यातलाच एक संच. चौकटीला अगदी हलकी सावली हवी तर ‘शॅडो-एसएम’, म्हणजे स्मॉल. जरा ठसठशीत हवी तर नुसतं ‘शॅडो’. लोक वर्षानुवर्षं असं लिहीत आले. मग जानेवारी 2025 मध्ये चौथी आवृत्ती निघाली. तिच्यात आधीची ‘शॅडो-एसएम’ झाली ‘शॅडो-एक्सएस’ आणि आधीची नुसती ‘शॅडो’ झाली ‘शॅडो-एसएम’! गोल कोपऱ्यांच्या नावांचीही तीच गत.

“म्हणजे एसएम हे नाव गेलं?” मी विचारलं.

“नाही ना मामा. नाव आहेच. फक्त सावली दुसरी पडते.”

आता आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल आहे. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात. ती चाल बरी की वाईट हा वाद वेगळा (आमच्या घरात तो अजून मिटलेला नाही). पण थोरल्या जावेला धाकटीचं नाव देऊन धाकटीला ‘अतिधाकटी’ म्हणणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

भाच्याचं म्हणणं असं, की आधीची नावं बेशिस्त होती. मधल्याच एका मापाला नाव नव्हतं, आता सगळी ओळीने लागली. शिवाय जुन्या फायलींतली नावं बदलून देणारं टूल त्यांनीच दिलेलं आहे. मित्र म्हणाला, टूल फाइल बदलतं, आपली सवय कुठे बदलतं? आणि जे नाव प्रोग्राम ऐनवेळी तुकडे जोडून तयार करतो, ते टूलला सापडतच नाही.

मी मित्राच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर मी कित्येक वर्षं सांभाळलं. तिथे एम-8 बोल्ट म्हणजे 8 मिलिमीटर व्यासाचा, काल तेवढा आणि उद्याही तेवढाच. एकदा एक नवे साहेब आले. कप्प्यांचे नंबर त्यांना ओळीने हवे होते, म्हणून त्यांनी सगळे एकेकाने सरकवले. फिटर सवयीने म्हणाला, “14 मधले द्या,” आणि मी ते दिलेही. ते निघाले पूर्वीच्या 13 मधले. दोन तास लाइन बंद. साहेबांचं रजिस्टर मात्र देखणं दिसत होतं. त्यांनी नवे नंबर 101 पासून सुरू केले असते, तर 14 मागणाऱ्याला काहीच मिळालं नसतं, आणि त्याने निदान विचारलं तरी असतं. रिकामा कप्पा ओरडतो. चुकीचा भरलेला कप्पा गप्प बसतो.

नावं बदलूच नयेत असं मी म्हणत नाही. 2021 साली बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीने ‘लेफ्ट-राइट’ जाऊन ‘स्टार्ट-एंड’ आणलं. उर्दू-अरबी उजवीकडून लिहितात, त्यांची सुरुवातच उजवीकडे. हे मला पटलं. एका जागेला दोन नावं असली तरी माझी हरकत नाही. नकाशात सीताबर्डी, तोंडात बर्डी, माणूस पोहोचतो तिथेच. पण उद्या कोणी बर्डी ही पाटी लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनला लावली, तर लोक उतरायचे कुठे?

आणि खर्च कोणाचा? भाच्याने एका मंगल कार्यालयाची वेबसाइट केली आहे, जुन्या आवृत्तीवर. पैसे एकदाच मिळाले. नव्या आवृत्तीला आयफोनचा सफारी 16.4 तरी लागतो आणि क्रोम 111. आयफोन 7 तर आयओएस 15 च्या पुढे जातच नाही. म्हणजे सावली नीट ओळीने लागणार आणि वरबापाच्या जुन्या फोनवर पान विस्कटणार.

“तरी पण चढवून घेऊ,” भाचा म्हणाला, “मागे पडून राहिलो आपण.”

“मालकाला विचार आधी,” मी म्हणालो.

त्याने लगेच फोन लावला. आवृत्ती, सावली, एसएम, एक्सएस सगळं सांगून झालं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“काहून बाप्पा?” मालक म्हणाले. “तारखा दिसून राहिल्या ना?”

“हो.”

“मंग राहू दे.”

भाच्याने फोन ठेवला आणि तर्री आहे का विचारलं.