चेहऱ्यावरून ‘कोरोना’

राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने 1957मध्ये ग्वाल्हेरात सुरू झालेल्या शारीरिक शिक्षण संस्थेचे एक केंद्र गुवाहाटीत आहे. ईशान्य भारत ग्वाल्हेरला परका नाही.

देशाला मात्र वाटला. 22 मार्च 2020 रोजी दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर ‘कोरोना’ म्हणत एकजण थुंकला. अशा छळावर कारवाई करा, असे केंद्रीय गृहखात्याने राज्यांना आदल्याच दिवशी कळवले होते!

अमेरिकेत आशियाई ख्रिस्ती मंडळींनी मार्चअखेर अशाच छळाविरुद्ध निवेदन काढले, चर्चने गप्प बसू नये म्हणून. आपल्याकडे नागालँड, मिझोराम ख्रिस्तीबहुल. राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालय नागपुरात. म्हणजे प्रश्न मराठी मुलखातल्या चर्चचाही. रविवारची प्रार्थना ठीक, पण ईशान्येकडच्या भाडेकरूला ‘खोली रिकामी कर’ म्हणणाऱ्या घरमालकाच्या दारात पाद्रीबुवांनी स्वतः जायला हवे, जमल्यास चार शेजारी घेऊन.